अपक्षाचा पहारेकरी

गुरुवार, कार्तिक अमावास्या

प्रिय योगेंद्र,

पाकीट उघडताना तू हसशील. दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूस पत्र कशाला लिहितो, असं म्हणशील. पण तुझा फोन हल्ली आधी दुसराच कोणी उचलतो, आणि तुझ्या ओट्यावर आलो तर तुझ्यापर्यंत पोचायच्या आत चार जण मला काम काय ते विचारतात. चाळीस वर्षांत त्या ओट्यावर मला कोणी काम विचारलं नव्हतं. शिवाय समोरासमोर बसलो की आपलं ठरलेलं आहे, तू आवाज चढवतोस आणि मी गप्प होतो. कागदावर तुला आवाज चढवता येणार नाही आणि मला गप्प बसता येणार नाही. म्हणून कागद बरा.

घरी सगळे ठीक आहेत. तुझी बहीण बरी आहे. भाऊबीजेला तू दिलेली साडी तिने अजून घडी मोडून नेसलेली नाही, पण कपाटातून दोनदा बाहेर काढून पाहिली आहे. भाविकाचा सुरतहून रोज फोन येतो. ती मला निवडणुकीतून बसा म्हणत नाही, आणि लढा असंही म्हणत नाही. काल फोन ठेवता ठेवता म्हणाली, पप्पा, मोटारसायकलवर एकटे फिरू नका, मामाला सांगा, मामाच्या ओळखी आहेत, तो तुम्हाला एखादा बंदूकवाला मिळवून देईल. मी बरं म्हणालो. लेकीशी खोटं बोलायची मला सवय नाही, पण त्या वेळी बोललो.

उद्या दुपारी तीनला माघारीची मुदत संपते. प्रेमचंद बसणार, असं गावात चहाच्या टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे म्हणतात. तुझ्याकडेही तोच निरोप आला असेल. तो खोटा आहे. मी बसणार नाही. दोन तारखेला नगराध्यक्षपदाच्या मशीनवर तुझं नाव तुझ्या पक्षाच्या चिन्हासमोर असेल आणि त्याच्या खाली कुठेतरी माझं असेल, मिळेल त्या चिन्हासमोर. एवढंच कळवायचं असतं तर चिठ्ठी पुरली असती. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती एकदम लिहायला हात धजत नाही. मला जरा फिरून यावं लागेल. तू वाचत राहा.

या वेळी मतदान सारंगखेड्याच्या यात्रेच्या तोंडावर आलंय. काल गढीच्या रस्त्याने घोडे जाताना पाहिले आणि आपण सहावीत असतानाचं वर्ष आठवलं. पहाटे निघून पायी गेलो होतो. दत्तासमोर तू हात जोडलेस न जोडलेस आणि थेट घोडेबाजारात पळालास. मी मागे राहिलो, कारण मला त्या एकमुखी मूर्तीकडे बघत बसायला आवडायचं, आजही आवडतं. बाहेर आलो तर तू एका पांढऱ्या घोडीवर बसलेला, लगाम सुटलेला आणि घोडी तापीच्या दिशेने निघालेली. मी चप्पल टाकून मागे धावलो. घोडी पाणी प्यायला थांबली म्हणून तू वाचलास, पण घरी येईपर्यंत सगळ्यांना सांगत होतास की तूच तिला थांबवलीस. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. तुझ्या मागे धावण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, हे मला तुला एकदा सांगायचं होतं.

तुझ्या वडिलांनी मला शेती शिकवली. माझे वडील लवकर गेले आणि आमचं शेत म्हणजे पडीक कापूस होता. रूपचंदकाकांनी आपल्या दोघांना बरोबरीने केळीच्या बागेत उभं केलं. पाणी कसं द्यायचं, घडाला टेकू कसा लावायचा आणि सगळ्यांत कठीण म्हणजे पील कसं राखायचं. बुंध्याशी चार-पाच पिलं फुटतात, त्यातलं एकच ठेवायचं, तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेलं. बाकीची काढायची. आणि घड उतरवल्यावर आईचं खोड जमिनीलगत तोडायचं नाही, कमरेइतकं ठेवायचं. काका म्हणायचे, त्या खोडात अजून रस आहे, तो पिलाला जाऊ द्या. आणि खोड पाडायचं ते पिलाच्या उलट बाजूला, म्हणजे त्याच्यावर पडत नाही. गावातले बाकीचे शेतकरी घाईत असतात, गुडघ्यापासून उडवून मोकळे होतात. आपल्या दोन घरांत मात्र असंच चालत आलं. तू आता शेतावर फारसा जात नाहीस, पण मजुरांना सांगताना तुझा आवाज काकांसारखाच होतो.

मी उभा का राहिलो, हे तुला ठाऊक आहे, पण तू ते लोकांना वेगळं सांगतोस. तू सांगतोस, प्रेमचंदला कोणीतरी चढवलं. मला चढवणारं कोणी नाही. मला आठवडेबाजाराच्या जागेने उभं केलं. तुझ्या मागच्या कारकिर्दीत तिथे दुकानसंकुलाचा ठराव झाला. डोंगरातून येणाऱ्या बाया आज तिथे गोणपाट टाकून सीताफळं आणि आमचूर विकतात, त्यांना गावाबाहेर स्मशानाच्या पलीकडची जागा दाखवली. मी तुझ्याकडे तीन वेळा आलो. तू तिन्ही वेळा चहा पाजलास. तिसऱ्या वेळी म्हणालास, बायांना कुठेही बसता येतं. त्या दिवशी मी चहा तसाच ठेवून उठलो, तुझ्या लक्षात आलं नसेल. मी देवभोळा माणूस आहे, मला फार कळत नाही, पण गावात यायला ज्यांना पहाटे तीन तास डोंगर उतरावा लागतो त्यांनी कुठे बसायचं, हे आपण गाद्यांवर बसून ठरवू नये, एवढं कळतं.

भाऊबीजेला मीनाने तुला ओवाळलं आणि ताट खाली ठेवायच्या आत तू माझ्याकडे वळलास. "प्रेम्या, हाई खूळ सोडी दे. तुन्हा मांगे कोन शे?" मी म्हणालो, "मांगे कोनी नही, म्हनीसन त उभा ऱ्हायनू." तू हसलास. मीना हसली नाही. तू जाताना दारात तुझे दोन बंदूकधारी पोलीस उभे होते, त्यांना मीनाने लाडू दिले, आणि त्यातला तरुण मुलगा कोणी बघत नाही ना हे पाहून पटकन खाऊन गेला. तुला ते दोघे मिळाले यात मला काही गैर वाटत नाही. तू माजी नगराध्यक्ष, पक्षाचा उमेदवार, तुला धमकीचा एक फोन आला आणि आठ दिवसांत तुझ्या मागे बंदुका आल्या. जीव सांभाळायला हवाच. मी एवढंच म्हणतो की अपक्षाचा जीव काही वेगळ्या मातीचा नसतो.

अर्ज भरायला गेलो तेव्हा कळलं, पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला पाच लागतात. पहिले चार मिळाले, पाचवा मिळेना. लोक मत देऊ म्हणत होते, सही देत नव्हते. शेवटी बाजारातून रूपलीबाई आली. तुला ती आठवेल, पालिकेच्या चाळीमागे राहते, डोंगरातल्या बायांचा माल सांभाळते, तुझ्या ठरावाच्या दिवशी पालिकेच्या पायऱ्यांवर बसली होती. मी तिला आधीच सांगितलं की त्रास होईल. ती म्हणाली, "माले काय करतीन दादा? टोपली फेकी देतीन. दुसरी लयसू." कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला तर त्याच्याकडे अशी पाहायला लागली की त्याने डबा मागे घेतला. "सही करस मी. शिकेल शे." आणि पाच अक्षरांची सही इतक्या सावकाश केली की मागची रांग खोळंबली. बाहेर आल्यावर मला म्हणते, "त्यान्हा मांगे दोन बंदुका, तुन्हा मांगे आम्ही पाच जन. मोजी दख, तूच जास्ती."

तिची टोपली तिसऱ्या दिवशी फेकली गेली. भर बाजारात, दोन मोटारसायकली आल्या, सीताफळं चाकाखाली चिरडून निघून गेल्या. तिने खरोखरच दुसरी टोपली आणली आणि त्याच जागी बसली. त्यानंतरच्या सोमवारी माझा केळीचा कांदेबाग कापला गेला.

ते तुला ऐकून ठाऊक असेल. आता माझ्याकडून ऐक. गेल्या वर्षीच्या दिवाळीत लावलेली बाग, घड भरत आलेले, पंधरा दिवसांत उतरवायचे. सकाळी पाणी सोडायला गेलो तर पूर्वेचा अख्खा तुकडा उजाड. उन्हाची सवय नसलेल्या जमिनीवर एकदम ऊन पडलेलं. घड चिखलात. मी बांधावर बसलो. शेजारचे शेतकरी आले, बघून गेले, कोणी शिव्या घातल्या, कोणी मला पाणी दिलं. कोणी नाव घेतलं नाही. मीना डबा घेऊन आली. ती बागेत आत चालत गेली, सगळ्या ओळी फिरली, परत आली आणि डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ती रडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी बागेत एकच गोष्ट पाहिली होती आणि आठ दिवस एकमेकांना सांगितली नाही.

पाचही सूचक संध्याकाळी घरी आले. त्यांचं म्हणणं, आज झाडं कापली, उद्या माणूस कापतील, पोलीस संरक्षण मागा. मला ते नको होतं. दत्ताच्या फोटोसमोर दिवा लावणाऱ्या माणसाने बंदूकवाला मागावा, हे मला बरं वाटेना. मग रूपलीबाई म्हणाली की तू मेलास तर आमच्या सह्या वाया. हे तिने हसत सांगितलं, पण मला पटलं. माझा जीव या निवडणुकीपुरता तरी माझ्या एकट्याचा नव्हता.

शाळेच्या वहीचं पान फाडून अर्ज लिहिला आणि पोलिसांकडे गेलो. साहेब सभ्य माणूस. बसायला खुर्ची दिली. अर्ज उलटसुलट करून म्हणाले, पक्षाचं पत्र कुठे आहे? मी म्हणालो, पक्ष नाही. ते म्हणाले, म्हणजे शिफारस कोणाची? मी म्हणालो, बाग बघा, ती शिफारस. त्यांना जरा हसू आलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं की धोका किती हे समिती ठरवते, तिच्यापुढे अहवाल जातो, वेळ लागतो, आणि बागेच्या तक्रारीत मी अज्ञात इसम असं लिहिलंय, अज्ञात इसमापासून धोका म्हणजे समितीच्या लेखी धोका धूसर. तोपर्यंत तात्पुरता एक हवालदार देतो म्हणाले, तीन दिवस.

तो उदेसिंग. मोलगीकडचा, सातपुड्यातला, पन्नाशीचा, माझ्याहून वयाने थोडा मोठा असेल. हातात लाठी. मीनाने दारातच विचारलं, बंदूक कुठे आहे? तो म्हणाला, "वहिनी, बंदूक पक्षवाल्यासले. अपक्षले लाठी." ओट्यावर खुर्ची टाकून बसला. जेवायची वेळ झाली. मीनाने ताट वाढून बाहेर नेलं तर हा म्हणतो, "डूटीवर जेवानी परवानगी नही." मीना म्हणाली, "दारमा पाव्हना उपाशी, अन आम्ही घरमा जेवतस? भाऊ, तुम्ही जेवतस नही तवलगुन आम्हना घरमा कोनी जेवाव नही." तुझी बहीण आहे, तिचा हट्ट तुला नव्याने सांगायला नको. तो नियम सोडीना, ही रीत सोडीना. दोन वाजले, तीन वाजले. चुलीवरची भाजी थंड. माझ्यासमोर रक्षण करणारा उपाशी आणि ज्याचं रक्षण करायचं तोही उपाशी. शेवटी साडेतीनला उदेसिंगने आपल्या साहेबाला फोन लावला, आणि काय सांगितलं माहीत आहे? म्हणाला, साहेब, उमेदवाराच्या जिवाला धोका आहे, घरात अन्न शिजलंय आणि त्याला खाऊ देत नाहीत, माझ्यामुळे. तिकडून साहेब हसल्याचं आम्हाला ओट्यावर ऐकू आलं. मग जेवलो सगळे.

त्या तीन दिवसांत एक गोष्ट मात्र झाली. लोक यायचे थांबले. एरवी सकाळी ओट्यावर आठदहा जण असायचे, ते समोरच्या गल्लीतून खाकी कपडा बघून वळून जायचे. डोंगरातल्या बाया तर लांबूनच परतायच्या. उदेसिंगच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः खुर्ची उचलून मागच्या दारी गोठ्याजवळ बसला, म्हणाला, तुमची माणसं पुढून येऊ द्या. तुझे दोघे असे मागच्या दारी बसतील का रे? तुझ्याकडे आता लोक येतात ते त्या दोघांना नमस्कार करून. मला वाटतं, त्यामुळेच तुला बऱ्याच गोष्टी ऐकू येत नाहीत.

चौथ्या दिवशी उदेसिंगची मुदत संपली. जाताना तो म्हणाला, बाग दाखवा. मी घेऊन गेलो. तो आदिवासी माणूस, जमिनीवर वाढलेला, आत शिरला आणि उभा राहिला. मग लाठीने एक खोड दाखवलं, मग दुसरं, मग तिसरं. कमरेइतकी कापलेली. एकही गुडघ्याखाली नाही. सगळी पश्चिमेला पडलेली, आणि पूर्वेला प्रत्येक बुंध्याशी राखलेलं पील जसंच्या तसं उभं. पान फाटलेलं नाही. तो मला म्हणाला, "भाऊ, हाऊ दुस्मन केयवाला शे." हा शत्रू केळीवाला आहे. मी म्हणालो, हो. त्याने नाव विचारलं नाही. पोलीस असून विचारलं नाही, याबद्दल मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

आता तुला कळलं असेल मी फिरून फिरून कुठे आलो ते. भाड्याने आणलेल्या पोरांना कोण सांगतं की खोड कमरेला कापा? कोण सांगतं की पिलाच्या अंगावर पाडू नका? माणसाला उद्ध्वस्त करायला निघालेला माणूस पुढच्या वर्षीच्या बागेची काळजी घेत नाही. तू घेतलीस. तुला मला घाबरवायचं होतं, संपवायचं नव्हतं. हुकूम देतानासुद्धा तुझ्या तोंडून काका बोलले. मी बांधावर बसलो होतो तेव्हा मला राग आधी आला नाही, खरं सांगतो. आधी मला बरं वाटलं, की तुझ्यात ते अजून आहे. आणि मग राग आला, तो अजून गेलेला नाही. अर्धी दया करणाऱ्याला वाटतं आपण फार काही वाईट केलं नाही. रूपलीबाईच्या टोपलीला तर तेवढीही दया नव्हती, तिची फळं केळीची नव्हती ना.

काल साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. समितीकडे अहवाल पाठवायचा आहे, पुरवणी जबाब द्या म्हणाले. छापील कागद होता. त्यात एक रकाना, आपणास कोणापासून धोका वाटतो. साहेब म्हणाले, अज्ञात लिहिलंत तर प्रकरण इथेच थांबेल, मी तुमच्या भल्यासाठी सांगतो. आणि नाव लिहिलंत तर पुरावा काय, हेही विचारलं जाईल. मी त्यांना खोडांचं सांगितलं. ते म्हणाले, हा काही पुरावा नाही. मी म्हणालो, कोर्टात नसेल साहेब, पण जबाब माझा आहे. मी कागद घरी आणायची परवानगी मागितली. त्यांनी दिली.

घरी आलो आणि कागद मीनासमोर ठेवला. तिला वाचता येतं हे तुला माहीत आहे, तूच तिला बाराखडी शिकवलीस. तिने रकाना वाचला. मी म्हणालो, तुझ्या डोळ्यांनी तू बागेत पाहिलंस, आता तू सांगशील ते लिहितो. तू नको म्हणालीस तर रिकामा ठेवीन आणि देवावर सोडून लढेन. ती उठली, देव्हाऱ्यातल्या दिव्यात तेल घातलं, परत येऊन बसली. म्हणाली, देवावर किती टाकायचं, त्याला अख्खं गाव सांभाळायचं आहे. मग म्हणाली, "नाव लिखी द्या. मन्हा भाऊ शे तो, मी वयखस त्यान्हा हात. पन त्याले पोलिसनी सांगापेक्षा तुम्ही सांगा." भावाचा हात ओळखणारी ती एवढं बोलून स्वयंपाकाला लागली. भाकरी थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. मी लिहिलं. तुझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. काकांचं नाव लिहिताना पेन थांबला, पण लिहिलं. आज सकाळी अकराला कागद दिला, पोच घेतली.

म्हणून हे पत्र. संध्याकाळी किंवा उद्या सकाळी पोलीस तुझ्या ओट्यावर येतील, तुझ्या स्वतःच्या दोन बंदूकधाऱ्यांसमोर तुला विचारतील, आणि ते तू पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकू नयेस, ही तुझ्या बहिणीची अट होती, माझीही इच्छा होती. तू नाही म्हणशील, म्हण. समिती मला बंदूकवाला देईल की नाही, मला माहीत नाही, आणि आता मला त्याची तेवढी फिकीरही राहिलेली नाही. कारण विचार कर, योगेंद्र. आजपासून दोन तारखेपर्यंत माझ्या अंगाला ओरखडा उठला, रूपलीबाईच्या टोपलीला कोणी पाय लावला, माझी मोटारसायकल रस्त्यावर घसरली तरी लोक आणि पोलीस आधी तुझ्याच दारात येतील. तेव्हा आजपासून रोज तुलाच तुझ्या पोरांना विचारावं लागेल, कुठे होतात, काय केलंत, प्रेमचंद कुठे आहे, बरा आहे ना. सरकारने पक्षवाल्यांना बंदुका दिल्या आणि अपक्षाला लाठी दिली, तीही तीन दिवस. मी माझा पहारेकरी स्वतः निवडला. लहानपणापासून मी त्याला ओळखतो, तो रागीट आहे, पण आपलं नाव पणाला लागलं की डोळ्यांत तेल घालून जागतो. उद्या तीनपर्यंत मी निवडणूक कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून राहणार आहे, मोकळ्या हाताने, माघारीचा कागद न घेता. पहाऱ्यावर यायचं असेल तर ये.

तुझाच,
प्रेमचंद